मागचा डावा शॉकअप दर पाच महिन्यांनी का मरतो?

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते ताडता येईल.

गाडी म्हणजे २०१२ सालची डिझेल जीप, फोर बाय फोर, चारही चाकांना पाटे (म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). मागचा डावा शॉकअप गळतो. नवा टाकला की चार-पाच महिने बरा चालतो. मग खालच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो, त्यावर धूळ बसून काळा लगदा होतो. गाडी रिकामी असताना डांबरावरून साईडपट्टीवर चाक उतरलं की मागून 'खट्' असा आवाज येतो, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. उजवा शॉकअप त्याच दिवशी बसवलेला, त्याच खोक्यातला, आणि तो ठणठणीत. दीड वर्षात डावीकडे तीन टाकून झाले, उजवीकडे एक.

माझं काम सोलर पंप बसवण्याचं. आज गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात, तर उद्या पाटोदा-आष्टीकडं बालाघाटाच्या माळावर. सकाळी निघताना मागं स्ट्रक्चरचे पाइप, सिमेंटच्या गोण्या, केबलची रिळं आणि दोन पोरं, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास वजन. संध्याकाळी गाडी रिकामी. हे रिकामं येणं लक्षात ठेवा, सगळी मेख तिथंच निघाली.

पहिला शॉकअप मूळ मापाचाच होता. तो गेल्यावर दुसराही तसलाच टाकला, कारण पहिल्यात माल खराब निघाला असेल असं वाटलं. तिसऱ्या वेळी हात सैल सोडला आणि जाड नळीचा, गॅस भरलेला, 'हेवी ड्यूटी' म्हणून विकतात तो घेतला. तो सगळ्यांत लवकर गेला. गळायच्या आधीच त्याच्या खालच्या कडीचा (जिच्यातून बोल्ट जातो ती) वेल्ड सुटला. दुकानदार म्हणाला, रस्तेच तसे आहेत. आपल्याकडं रस्त्यावर खापर फोडलं की समोरचा लगेच मान डोलावतो, वाद मिटतो. पण उजवा शॉकअप त्याच रस्त्यानं चालला होता की.

शेवटी बीडमधल्या एका जुन्या गॅरेजवर गेलो. तिथले चाचा कमी बोलतात. नवा शॉकअप सुचवण्याऐवजी त्यांनी विचारलं, "जुना टाकून दिला का?" पहिला मेलेला गाडीतच पडून होता. तो साधा, बिनगॅसचा, दोन नळ्यांचा होता. त्यांनी तो वाइसमध्ये आवळला, ग्राइंडरनं वरची कड कापली, तेल पत्र्याच्या डब्यात ओतून घेतलं आणि दांडा बाहेर ओढला. (गॅसवाला शॉकअप घरी असा कापू नका. एका नळीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब दोनशे-तीनशे पीएसआयच्या घरात असतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, त्यावरून अंदाज बांधा.) दांड्यावर पिस्टनच्या जरा वर एक रबराची चकती असते. दांडा पूर्ण बाहेर आला की ती वरच्या टोपणाला टेकते. आमच्यातली चकती वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखी तुकडे-तुकडे झाली होती, आणि टोपणाच्या आतल्या बाजूला गोल खाच पडली होती. तळातला व्हॉल्व्ह मात्र कोरा करकरीत, एक ओरखडा नाही.

चाचांनी टोपण माझ्या हातात ठेवलं. "हा आपटून नाही मेला साहेब. लटकून मेला."

मी इतके दिवस उलट समजत होतो. खड्ड्यात गाडी आपटते, शॉकअप पूर्ण दबतो आणि फुटतो, असं डोक्यात होतं. तसं झालं असतं तर मार तळाला दिसला असता. इथं मार वरच्या टोपणाला होता, म्हणजे शॉकअप दबून नव्हे, ताणून तुटत होता. चाक खाली लोंबलं की मागचं हाऊसिंग (दोन्ही चाकांमधला लोखंडी आडवा सांगाडा), डिफरन्शियल, चाक असा सगळा लोखंडाचा बोजा पाट्यांनी धरायच्या आधी शॉकअपच्या दांड्याला झटका देऊन अडकत होता. आडात बादली सोडावी आणि दोर मधेच संपावा, तसं. शॉकअपचं काम वजन धरायचं नसतंच. वजन पाटे धरतात. शॉकअप फक्त पाट्यांची झुलणी मोडतो आणि त्या झुलणीची ताकद तेलात उष्णता करून जिरवतो. माझा शॉकअप साखळीचं काम करत होता.

मग तो आखूड का पडला? मूळ मापाचाच तर होता. चाचांनी खाली वाकून पाट्यांकडं बोट दाखवलं. गाडीच्या आधीच्या मालकानं माल वाहायला मागं एक पाटा जास्तीचा घातला होता आणि शॅकलही (पाट्याचं टोक चेसीला टांगणाऱ्या पट्ट्या) लांब लावल्या होत्या. गाडी मागून उठलेली होती. मी ती घेतली तेव्हा 'उंच आहे, बांध टेकणार नाही' म्हणून खूश झालो होतो. गाडी उचलली, शॉकअप मूळ लांबीचाच राहिला.

आधी टेप, मग पैसे

यापुढचं काम कुठल्याही गावात होतं. लागतो एक टेप, एक जॅक, दोन घोडी आणि तासभर वेळ. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, घोडी नसली तर जाड लाकडी ठोकळे लावा आणि पुढच्या चाकांना दगड.

मापं शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत घ्यायची. गाडी सपाट जागी, रिकामी, चाकांवर उभी असताना पहिलं माप. माझं आलं ४९५ मिलिमीटर. नेहमीचा माल भरून दुसरं: ४५०. मग चेसीला आधार देऊन मागचे दोन्ही शॉकअप काढायचे आणि हाऊसिंग पाट्यांवर जितकं लोंबेल तितकं लोंबू द्यायचं. हे तिसरं माप, माझं ५७०. चौथं जरा खटपटीचं. एका बाजूचं चाक जॅकनं वर रेटत न्यायचं, हाऊसिंग बंप रबराला (चेसीवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) टेकून रबर चांगलं दबेपर्यंत. तिथं ३८५ आलं. रिकाम्या गाडीत जॅकनं गाडीच उचलली जाते, म्हणून मी मागं सिमेंटच्या गोण्या ठेवून आणि वर दोन पोरं बसवून ते काढलं. पोरं म्हणायली, "दादा, हे कुठलं सर्व्हिसिंग म्हनायचं?"

आता शॉकअपची स्वतःची मापं. मूळ मापाचा शॉकअप पूर्ण दबलेला ३३५, पूर्ण ताणलेला ५३५. हाऊसिंग मोकळं लोंबतं ५७० ला. म्हणजे शॉकअप ३५ मिलिमीटर आधीच संपतो. त्यात रिकामी गाडी उभी असतानाच तो ४९५ वर, म्हणजे ताणायला उरले जेमतेम ४० मिलिमीटर. चार बोटंसुद्धा नाहीत. माल असताना तोच ४५० वर येतो आणि ८५ मिलिमीटर मोकळीक मिळते. म्हणून सकाळी आवाज येत नव्हता, संध्याकाळी यायचा.

आणि डावाच का? याचं उत्तर गॅरेजमध्ये नव्हतं, रस्त्यावर होतं. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की आमच्याकडच्या एकेरी डांबरी रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. तो काही खाली उतरत नाही. आपण उतरायचं. डावी दोन्ही चाकं साईडपट्टीवर, आणि साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली. माजलगाव रस्त्यावर एका संध्याकाळी मी मोजलं, घरी येईपर्यंत एकोणीस वेळा डावी बाजू खाली गेली. पुढच्या चाकाला वेगळे शॅकल-पाटे नव्हते, मूळ उंचीच होती, म्हणून पुढचा शॉकअप वाचला. मागचं डावं चाक प्रत्येक वेळी दांड्याच्या टोकाला जाऊन अडकत होतं. पहिले दोन्ही शॉकअप त्याच हंगामाच्या आगेमागे गेले होते, हे मला बिलांच्या तारखा पाहिल्यावर कळलं.

'हेवी ड्यूटी'वाला आधी का गेला तेही यातच आलं. त्याची लांबी तीच होती. नळी जाड, दांडा जाड, त्यामुळं दांडा निघाला नाही, ती ओढ खालच्या कडीनं खाल्ली आणि वेल्ड सुटला.

मी काय बदललं

सगळ्यांत आधी लांब शॅकल काढून मूळच्या लावल्या. शॅकल जितकी लांब करावी त्याच्या साधारण निम्मी गाडी उठते. माझ्या ५० मिलिमीटरनं लांब होत्या, त्या काढल्यावर मागची बाजू २५ नं खाली आली. कायद्याच्या बाजूनंही ते बरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवरच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ नोंदीच्या पलीकडं गाडीत बदल चालणार नाहीत असं सांगितलं आहे. अपघात झाला तर विम्यावाला गाडीखाली वाकून बघतोच. जास्तीचा पाटा मात्र ठेवला. तीनशे किलो रोजचे आहेत, आणि तो काढला तर माल भरल्यावर गाडी बंप रबरावर बसते.

नवी मापं अशी झाली: रिकामी ४७०, मालासह ४२५, लोंबती ५४५, बंपवर ३८५. म्हणजे शॉकअप ताणून ५४५ पेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर तरी जास्त हवा, आणि दबून ३८५ पेक्षा तितकाच कमी. त्याला शेवटपर्यंत दबू द्यायचं नाही, त्याआधी बंप रबरानं अडवलं पाहिजे. दुकानात गेल्यावर मी गाडीचं नाव सांगितलंच नाही. दबलेलं माप ३७० च्या आत, ताणलेलं ५५५ च्या वर, दोन्हीकडं कडी, बोल्ट एवढ्या जाडीचा, एवढंच सांगितलं. दुकानदाराला ते आवडलं नाही. तो आधी गाडीचं नाव विचारून खोकं काढतो, यादीत बघायची त्याला सवय नाही. पण दुसऱ्या दुकानात यादी निघाली आणि ३५०-५६० चा सापडला.

लांब शॉकअप घेताना एक फसगत होते. ५६० चा म्हटलं की लोक खूश होतात आणि दबलेली लांबी विचारत नाहीत. दांड्याची चाल जितकी वाढते तितकी नळीही वाढते. नुसता लांब घेतला आणि तो ३९५ ला संपत असला, तर बंप रबर टेकायच्या आधी शॉकअपच आपटेल आणि यावेळी तळातला व्हॉल्व्ह जाईल. म्हणजे लटकून मरायचा तो आपटून मेला, इतकंच.

याच ठिकाणी एक नळी की दोन नळ्या हा प्रश्न येतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल नि वर थोडी हवा नाहीतर कमी दाबाचा गॅस असतो. फार वेळ जोरात हालला की तेल आणि गॅस घुसळून फेस होतो, आणि फेसाला धरबंद नसतो, गाडी होडीसारखी डुलायला लागते. एका नळीच्यात तेल आणि जास्त दाबाचा गॅस यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, म्हणून फेस होत नाही. शिवाय तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्यानं वाऱ्यानं लवकर निवतं. हे सगळं खरं, पण गॅसची खोली नळीतच एकापाठोपाठ बसवावी लागते, त्यामुळं तेवढ्याच चालीला एक नळीवाला लांब होतो. माझ्या मापात तो ३६७ ला दबणारा मिळत होता. बसला असता, पण काठावर. आणि एका नळीची भिंत म्हणजेच पिस्टनची वाट. तिला दगडानं खोच पडली की पिस्टन तिथं अडकतो. पाटोद्याकडच्या माळावर चाकाखालचे दगड नेमके मागच्या शॉकअपवर उडतात. दोन नळ्यांत बाहेरची चेपली तरी आतली चालत राहते.

उष्णतेचं मी मोजून पाहिलं. हजार-दीड हजाराची थर्मामीटर गन मिळते. (कोविडच्या वेळची कपाळावर धरायची घरात पडून असेल, ती बहुतेक चालणार नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते.) मे महिन्यात, दुपारी दीडला, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर बारा किलोमीटर नेऊन लगेच चारही शॉकअपच्या नळीवर धरली. तीन शॉकअप साठीच्या आसपास, गळका डावा ४४. बाहेरच ४१ होतं. म्हणजे गळका काही कामच करत नव्हता. काम करणारा शॉकअप तापलाच पाहिजे. चारांत एक थंड असेल तर तो मेलेला, मग गळत असो वा नसो. गाडीचा कोपरा दाबून किती वेळा झुलते ते बघायची जुनी रीत पाट्यांच्या गाडीत फसवते. पाटे एकमेकांवर घासून स्वतःच झुलणी मोडतात, मेलेल्या शॉकअपवरही गाडी एका झोक्यात थांबते.

साठ अंश म्हणजे दांड्याजवळ तेल अडवणाऱ्या सीलच्या रबराला काहीच नाही. माझ्या वीस-पंचवीसच्या वेगाला एका नळीची ती थंडाई लागत नव्हती. म्हणून मी दोन नळ्यांचाच, पण मोठ्या पिस्टनचा आणि कमी दाबाच्या गॅसचा घेतला. गॅसच्या जागी फोम भरलेलेही येतात, फेस होऊ नये म्हणून. एका मित्राची गोष्ट वेगळी. तो कन्नड-सोयगावच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगरात गाडी पळवतो, वेग जास्त, कच्चा रस्ता सलग चाळीस-पन्नास किलोमीटर. त्याला मी एका नळीचाच सांगितला, वेगळा डबा जोडलेला मिळाला तर आणखी बरं, त्यात तेल जास्त मावतं.

कडकपणाबद्दल दोन शब्द. 'जितका कडक तितका चांगला' ही समजूत गॅरेजगॅरेजला आहे. शॉकअपला दोन वेगळे कडकपणे असतात, दांडा आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा, आणि बाहेर येतानाचा जास्त ठेवलेला असतो, कारण दबलेले पाटे जोरात उसळतात. तो फार झाला तर पत्र्याच्या छपरासारख्या लाटांच्या रस्त्यावर चाक एका लाटेतून परत येईपर्यंत दुसरी लाट येते. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि दहा मिनिटांत बंप रबरावर आपटायला लागते. लोक म्हणतात शॉकअप मऊ आहे, आणखी कडक आणा. माझ्याकडं पाटा जास्तीचा, म्हणून मूळपेक्षा एक पायरी कडक पुरला. त्यावरचा मी घेऊन पाहिला होता. दोन दिवसांत पोरं मागं बसायला तयार होईनात.

बसवताना

जोडी बदला. उजवा बरा होता तरी मी दोन्ही बदलले. लांबीच वेगळी झाली, त्यामुळं पर्यायही नव्हता. बसवायच्या आधी दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून पूर्ण ताणायचा, उलटा करून दाबायचा, असं चार-पाच वेळा. खोक्यात आडवा पडून आतल्या नळीत हवा गेलेली असते, ती निघते. कडीचे बोल्ट हातानं लावून ठेवा आणि गाडी चाकांवर उभी करूनच आवळा. गाडी लोंबत असताना आवळले तर कडीतला रबरी बुश त्या कोनात पकडला जातो आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. माझा दुसरा शॉकअप असाच बसवलेला होता, बुश सहा आठवड्यांत चिरला.

आणि हे विसरू नका. शॉकअप लांब केला की हाऊसिंग आता पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं. चेसीवरून हाऊसिंगकडं येणारी ब्रेकची रबरी नळी त्या लोंबत्या स्थितीत ताणली जाते का, हात लावून बघा. शॉकअपच्या जागी तीच साखळी झाली तर ब्रेक जातील. माझी पुरली, दोन बोटं सैल होती. ब्रीदरची, म्हणजे हाऊसिंगला श्वास देणारी, बारीक नळी पुरली नाही, ती बदलली.

तुमच्या गाडीत दोन्ही बाजूंचे शॉकअप सारखेच गळत असतील तर माझं निदान तुमच्यावर चिकटवू नका. आधी दांडा बघा. धुळीची टोपी वर सरकवून दांड्यावर नख फिरवा. गंजाचे खड्डे किंवा एका अंगाला उभे ओरखडे असतील तर सील त्यानंच फाटतंय. एका अंगाचे ओरखडे म्हणजे बुश गेलाय नाहीतर वरचा ब्रॅकेट वाकलाय. गेवराईकडच्या काळ्या मातीत फिरणाऱ्यांनी तर पावसाळ्यात टोपीच्या आत बघायलाच पाहिजे. तो चिखल आत भरतो आणि दोन दिवस ऊन पडलं की विटेसारखा आवळतो. मग प्रत्येक झोक्याला दांडा त्याच्यावर घासतो. त्याच संध्याकाळी साध्या पाण्याच्या पाइपानं धुवा. धुलाई सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं सीलवर मारू नका, चिखल आतच जातो. आणि नळीवर नुसती तेलकट ओल असेल, ओघळ नसेल, तर तो घाम आहे. त्यासाठी शॉकअप बदलू नका.

नवी जोडी बसवून अकरा महिने झाले, मधे एक अख्खा उसाचा हंगाम गेला. परवा टोपी वर करून पाहिलं, डावा-उजवा सारखेच कोरडे. 'खट्' मात्र परत ऐकू आलाय, यावेळी पुढून, उजवीकडून. रविवारी टेप घेऊन खाली जाणार आहे.